गच्चीवरचं शेड आणि समेटाची बैठक

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

होटगी रोडच्या अपार्टमेंटचा तंटा तुझ्याकडे समेटासाठी आलाय, याचा मला फार आनंद झाला. वरच्या मजल्यावरच्यांनी गच्चीवर पत्र्याचं शेड टाकलं, टाक्या वाढवल्या. खालच्यांनी महापालिकेत तक्रार केली, नोटीस आली, आणि आता जिन्यात गाठ पडली तरी दोघं तोंड फिरवतात. असे तंटे सोलापुरात पुष्कळ होतात. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की स्लॅबखालच्या घरात मध्यरात्रीही भिंतीला हात लावून बघ, गरम लागते. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जो तो साठवतो. शेड काय, टाकी काय, हौस म्हणून कुणी करत नाही. बैठकीत वरच्यांना 'अतिक्रमण करणारे' म्हणून बसवलंस तर पहिल्या पाच मिनिटांतच समेट संपेल.

खालच्यांचंही ऐक, आणि अर्जात लिहिलंय त्याच्या पुढचं ऐक. अर्जात 'अनधिकृत बांधकाम' एवढंच असतं. अशाच एका बैठकीत एक आजी तासभर गप्प बसून होत्या. मराठीत अडखळत होत्या, म्हणून मी म्हटलं, तेलुगूतच बोला, तुमचा नातू सांगेल आम्हाला. मग त्या बोलायला लागल्या. पत्र्याचं त्यांना काहीच नव्हतं. पण शेड झाल्यापासून गच्चीला कुलूप लागलं होतं. कुरडया-पापड वाळत घालायचे तर किल्ली मागायला वर जायचं, आणि वरची सून दार अर्धंच उघडून विचारायची, "किती वेळ लागेल?" महापालिकेतला अर्ज त्या प्रश्नातून निघाला होता. म्हणून सांगतो, प्रत्येकाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू दे. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एकाच जिन्यात नांदतात. एकेकाशी वेगळंही बोल. समेटात बोललेलं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांग, म्हणजे जीभ सैल होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बैठकीत दोन पक्ष दिसतात, पण आणखी दोघांचं म्हणणं तिथं मांडायला कुणी नसतं: एक महापालिका, दुसरी खुद्द इमारत. दोघांच्या वतीने तुला बोलावं लागेल. शेजाऱ्यांनी आपसात 'आमची हरकत नाही' लिहून दिलं म्हणजे बांधकाम कायदेशीर होतं, असा समज लोकांत पक्का आहे. तो मोड. परवानगी द्यायची की नाही हे 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे महापालिकाच ठरवणार. तुझ्या करारनाम्याने तिचे हात बांधले जात नाहीत. 'पत्र्याला कुठं परवानगी लागते, साहेब,' असं फॅब्रिकेटर सांगतो, त्याच्यावर तर मुळीच विसंबू नकोस. मंजूर नकाशा काढ आणि स्वतः गच्चीवर जा. टेप घेऊन जा.

ही सोसायटी आहे की 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची इमारत, तेही बघ. अपार्टमेंट असेल तर डिक्लरेशन डीडमध्ये, म्हणजे कुणाचं काय आणि सामायिक काय हे सांगणाऱ्या इमारतीच्या घोषणापत्रात, गच्ची सामायिक दाखवलीय का ते वाच. त्या कायद्याचं आठवं कलम कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला धोका येईल असं काम किंवा नवं मोठं बांधकाम करायचं तर बाकीच्या सगळ्या मालकांची आधी संमती लागते, आणि सगळ्यांची म्हणजे सगळ्यांचीच. सोसायटी असेल तर उपविधी बघ आणि कमिटीची लेखी परवानगी शोध.

इमारतीच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. हजार लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच एक टनाचं होतं. अशा टाक्या स्लॅबच्या मधोमध नुसत्या विटांवर ठेवलेल्या मी पाहिल्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूर कसं हादरलं, ते घरी आई-वडिलांना विचार. स्ट्रक्चरल इंजिनिअरला वर नेल्याशिवाय टाकीवर तडजोड करू नकोस. बहुतेक वेळा टाक्या हलवून बीम-कॉलमवर घेतल्या की काम भागतं, आणि त्याला दोन्हीकडचे राजी होतात. कुणी आतली भिंत पाडताना कॉलमला हात लावला असेल, तर मात्र तिथं समेटाला जागाच नाही.

नोटिशीची मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिही. नोटिशीला उत्तर देताना, बांधकाम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज त्या मुदतीतच करता येतो. 'आमचं बोलणं चाललंय' म्हणून मुदत थांबत नाही. गड्ड्याची यात्रा आली, लग्नसराई आली, बैठका पुढं ढकलल्या, आणि तोवर तारीख निघून गेली, असं होऊ देऊ नकोस.

करारनामा लिहिताना 'सामंजस्याने वागतील' असली वाक्यं टाळ, त्यांतून काहीच हाती लागत नाही. असं लिही: अमुक तारखेपर्यंत परवानगीचा अर्ज करणार, नाकारला तर इतक्या दिवसांत स्वखर्चाने शेड काढणार, टाक्या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे हलवणार, खर्च असा वाटणार, गच्चीच्या किल्ल्या प्रत्येक घरी एकेक, खालच्यांनी परवानगीच्या अर्जाला आडकाठी करायची नाही. मराठीत लिही, आणि सही घेण्याआधी ज्याला जी भाषा कळते तीत मोठ्याने वाचून दाखव. नंतर कुणी फिरू नये असं वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत मांड. 1987 च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. दावा दाखल नसला तरी प्रकरण तिथं नेता येतं.

पहिली बैठक घेण्याआधी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, डिक्लरेशन डीड आणि नोटिशीची प्रत घेऊन रविवारी सकाळी घरी ये. ऊन चढायच्या आत त्यांच्या गच्चीवर जाऊन येऊ.

तुझा,
काका