मुलगा जोरात टाकतो, पण स्ट्राइक पडत नाहीत. पिचिंगची अचूकता वाढवायला घरी कोणतं साहित्य घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये (इकडची मुलांची बेसबॉल लीग) पिचिंग करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकतो, हातात जोर आहे पण एका इनिंगमध्ये तीन-चार वॉक देतो. (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला तो चेंडू स्ट्राइक. बाहेरून गेलेले चार चेंडू बॅटरने सोडले की त्याला पहिला बेस फुकट, तो वॉक.) नऊ खणांचं जाळं घ्यावं की चेंडू परत फेकणारं, हे ठरत नाहीये. आणि शे-दोनशे डॉलर घालायची तयारी आहे.

माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही घेऊ नका. दोन लांब काठ्या, शिलाईचं इलॅस्टिक, रबरी होम प्लेट (बॅटरच्या पुढ्यात जमिनीवर असते ती पाटी), खडूचा डबा आणि एक वही आणा. उरलेल्या पैशांत बादलीभर चेंडू येतील आणि तुमच्यासाठी कॅचरचा, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, मास्क. मास्कचं शेवटी सांगतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी नाशिकचा, आता न्यू जर्सीत राहतो, लेक तेरा वर्षांचा आहे. तो नऊ वर्षांचा असताना मीही तुमच्यासारखाच रात्री बारापर्यंत खरेदीच्या साइटवर बसायचो. आमच्या गॅरेजमध्ये आज एक मोडकं जाळं, एक स्पीड गन, वजनदार चेंडूंचा न उघडलेला संच आणि प्लास्टिकचा एक घडीचा माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) पडून आहे. बायको त्याला ‘संग्रहालय’ म्हणते.

त्यात भर म्हणजे मी क्रिकेटवाला. पहिले दोन महिने मी पोराला गोलंदाजीच्याच चष्म्यातून शिकवत होतो. घरात लेदर बॉल होता म्हणून सरावाला तोच दिला. ते अगदी चूक. क्रिकेटचा चेंडू साडेपाच औंसांच्या वर असतो, बेसबॉलचा पाच ते सव्वापाच. शिवाय शिवण पूर्ण वेगळी, त्यामुळे बोटं बसतात तीही वेगळ्या जागी. सराव त्याच वजनाच्या, त्याच आकाराच्या चेंडूने करायचा. टेनिस बॉलने अजिबात नाही.

दुसरी चूक जास्त मजेशीर होती. आमच्या गावचे बापू नाडकर्णी नेट्समध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचा सराव करत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून फक्त ५ धावा दिल्या, त्यात सलग २१ षटकं निर्धाव. मग काय, मीही आवारात नाणं ठेवलं. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. कारण पिचरचा चेंडू जमिनीला लागता कामा नये, त्याला टप्पाच नाही! इकडे जुन्या काळचे नामवंत पिचर सॅचेल पेज यांच्याबद्दल तशीच गोष्ट सांगतात, की ते वॉर्मअपला होम प्लेटऐवजी च्युइंगगमचं वेष्टन ठेवायचे. पण त्यांचा चेंडू वेष्टनावर पडायचा नाही, वेष्टनावरून जायचा. म्हणजे खरं लक्ष्य हवेत. तिथे नाणं ठेवता येत नाही, ते टांगावं लागतं.

हवेत टांगायची युक्ती जुनीच आहे. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारे कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध करणारे ब्रँच रिकी यांनी फ्लोरिडात व्हेरो बीचला डॉजर्स संघाच्या सराव-तळावर दोऱ्यांची चौकट उभी केली होती आणि पिचर त्या चौकटीतून चेंडू टाकायचे. १९४०च्या दशकाअखेरची ही गोष्ट. आजही मला तिच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

करायचं असं. साधारण सहा फुटी दोन काठ्या एकमेकींपासून पाच-सहा फुटांवर रोवा, म्हणजे चेंडू काठीवर आपटणार नाही. मुलाला बॅट घेऊन नेहमीच्या पवित्र्यात उभं करा आणि जमिनीपासून त्याच्या गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत व काखेपर्यंत माप घ्या. लिटल लीगचा स्ट्राइक झोन, म्हणजे स्ट्राइकची ती चौकट, तेवढ्याच उंचीची. (टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्यांच्या सामन्यांत तो वेगळा मोजतात, त्यावरून जाऊ नका.) त्या दोन उंचींवर आडवं इलॅस्टिक बांधा. मग त्या दोन आडव्यांमध्ये दोन उभे पट्टे, एकमेकांपासून १७ इंचांवर, कारण होम प्लेटची रुंदी तेवढी असते. साधी सुतळी नको. चेंडू लागला की ती सैल पडते किंवा सगळी चौकट वाकडी होते, इलॅस्टिक पुन्हा जागेवर येतं. मागे जुनी सतरंजी किंवा जाड ताडपत्री लोंबती सोडा, ताणून नाही. लोंबती असली की चेंडू खाली पडतो, ताणलेली असली की शेजाऱ्यांकडे जातो.

पिचर उभा राहतो तिथून प्लेटपर्यंतचं अंतर ४६ फूट. हे प्लेटच्या मागच्या टोकापासून मोजतात, पुढच्या कडेपासून नाही. मी पहिल्या वर्षी पुढून मोजलं आणि पोरगा घरी जवळपास दीड फूट जास्त अंतरावरून टाकत राहिला. मैदानात त्याचे चेंडू वर जायचे आणि आम्हाला कारण कळेना. तुम्ही सुरुवात ४६ वरून करूही नका. तीस फुटांवर उभं करा, दहापैकी सात चेंडू चौकटीतून गेले की चार फूट मागे.

अंतराबद्दल इतकं चिकटून का बोलतोय ते सांगतो. चेंडू हातातून सुटतो तेव्हा पाऊल पुढे पडलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात प्लेटपर्यंत ४०-४२ फूट उरतात. तिथे दिशा एका अंशाने चुकली तर चेंडू जवळपास नऊ इंच बाजूला जातो. प्लेटच्या मध्यापासून कडेपर्यंत साडेआठ इंच. एका अंशाची चूक आणि स्ट्राइक गेला, फार तर चेंडूची कड प्लेटला चाटून जाईल. एक अंश म्हणजे घड्याळातल्या एका मिनिटाच्या घराचा सहावा भाग! डोळ्याला दिसणारही नाही. म्हणून मुलाला “नीट बघून टाक” असं ओरडून काही होत नाही. तो बघतोच आहे. फक्त प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने टाकतोय.

म्हणून खडू. पिचर उभा राहतो त्या रबराच्या मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत सरळ रेघ मारा. चेंडू टाकल्यावर पुढचं पाऊल जिथे पडलं तिथे खूण करा. दहा चेंडूंनंतर त्या खुणा बघा. आमच्याकडे पहिल्या दिवशी त्या जवळजवळ फूटभर पसरल्या होत्या, काही रेघेच्या डावीकडे, काही उजवीकडे. दोन आठवडे आम्ही चौकटीकडे पाहिलंच नाही, फक्त खुणा एका तळहाताच्या आत आणल्या. चौकटीतून जाणारे चेंडू आपोआप वाढले. सबंध खटाटोपात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू निवडायची तर मी हा खडूच निवडेन.

आणि वही. प्रत्येक चेंडू टाकायच्या आधी मुलाने जागा सांगायची, “खाली बाहेर”, “मध्ये” असं काहीही. मग चेंडू कुठे गेला ते तुम्ही लिहायचं. आत-बाहेर एवढंच लिहू नका, वर, खाली, हाताच्या बाजूला, ग्लोव्हच्या बाजूला असं लिहा. चुका सगळ्या वर-खाली असतील तर दिशा ठीक आहे, चेंडू सुटायची वेळ मागेपुढे होतेय. डाव्या-उजव्या असतील तर पाऊल आणि खांदा बघा. उजव्या हाताच्या मुलाचे चेंडू सारखे वर आणि उजवीकडे जात असतील तर बहुधा पुढचा खांदा लवकर उघडतोय आणि हात मागे राहतोय. शंका असेल तर फोन तिपाईवर लावून मागून स्लो मोशनमध्ये घ्या. फोन आहेच, वेगळा खर्च नाही.

आता तुमच्या दोन जाळ्यांकडे येतो. नऊ खणांचं जाळं वाईट नाही. चेंडू खणात अडकला की पोरांना मजा वाटते, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी मजा ही मोठी गोष्ट आहे. अडचण अशी की मुलं टाकून झाल्यावर खण जाहीर करतात! आमचा ज्या खणात गेला तोच “माझा नंबर” म्हणायचा. आधी बोलायचं, मग टाकायचं, हा नियम पाळला तर घ्या. आमचं जाळं वाऱ्याने तीनदा आडवं झालं आणि चौथ्यांदा चौकटीची नळी दुमडली, तेव्हा घेतलंत तर पायावर वाळूच्या पिशव्या ठेवा.

चेंडू परत फेकणारं जाळं मात्र पिचिंगसाठी नकोच. फिल्डिंगला उत्तम. पण चेंडू दोन सेकंदांत परत आला की मुलगा लगेच पुढचा टाकतो, ना पाऊल बघतो ना श्वास घेतो, आणि दहा मिनिटांत साठ चेंडू होतात. तुमच्या मुलाच्या वयाला लिटल लीगमध्ये एका दिवशी जास्तीत जास्त ७५ पिचेस टाकता येतात. २० पर्यंत टाकल्या तर सुट्टीची सक्ती नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. अंगणातले चेंडू लीग मोजत नाही, कोपर मोजतं. आम्ही घरी तीसवर थांबतो, आठवड्यात दोनदा, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी काही नाही. एवढे कमी चेंडू म्हटल्यावर प्रत्येकातून काहीतरी कळलं पाहिजे, म्हणून तर वहीचा एवढा आग्रह.

वजनदार चेंडूंना या वयात हातही लावू देऊ नका. १३ ते १८ वयाच्या पिचरांवर सहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. वेग वाढला, पण वजनदार चेंडू टाकणाऱ्यांपैकी २४ टक्के मुलांना दुखापत झाली. ते वाचलं त्या दिवसापासून आमचा संच बंद खोक्यात आहे. स्पीड गनही दूर ठेवा. आकडा दिसला की मुलगा आकड्यासाठी टाकतो. मेजर लीगमधले नामवंत पिचर ग्रेग मॅडक्स काही तुफान वेगाचे नव्हते, तरी १९९७ च्या अख्ख्या मोसमात २३२ हून जास्त इनिंग्समध्ये त्यांनी फक्त २० वॉक दिले, त्यातलेही सहा मुद्दाम दिलेले. हे मुलाला सांगून बघा. आमच्याने तीन दिवस ऐकलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दुकानात सुचवली नव्हती. वहीत आमच्या लक्षात आलं की अंगणात ठीक चाललेला पोरगा सामन्यात सगळे चेंडू बॅटरपासून लांबच टाकतो. विचारलं तर म्हणाला, “बाबा, त्याला लागला तर?” मागच्या मोसमात एकाच्या बरगडीत त्याचा चेंडू बसला होता, ते मनात राहिलेलं. मग आम्ही रिसायकलिंगची निळी चाकांची कचरापेटी बॅटरच्या जागी उभी केली आणि तिला माझी जुनी टोपी घातली. पहिल्या आठवड्यात तिने बराच मार खाल्ला. नंतर आतल्या बाजूचे चेंडू पडायला लागले. एखादे दिवशी बाजू बदलून तिला डावखुरी करा, मुलांना तेच जास्त अवघड जातं.

आणि महिन्याभरात तुम्हाला स्वतःला प्लेटमागे बसावंच लागेल, कारण दोऱ्यांच्या चौकटीला मिट (कॅचरचा ग्लोव्ह) पुढे करता येत नाही. झाकणाची बादली घ्या, चेंडूही राहतात आणि गुडघेही वाचतात. मास्क पहिल्या दिवसापासून लावा, आणि कॅचर लावतात ते बाकीचं संरक्षणही. दहा वर्षांचा आहे, काय लागणार, असं मीही म्हणालो होतो. चष्म्याची एक काच गेली आणि बायकोने ती फ्रेम संग्रहालयात ठेवली.