सोलापूरहून जोडून सुट्टीत हरिश्चंद्रगडावर तंबूत राहायला जायचंय. पहिलीच वेळ आहे. कुणाचा अनुभव?

गेलोय. २०२४ च्या जानेवारीत. २६ तारीख शुक्रवारी आली होती, त्यामुळे सलग तीन दिवस मिळाले. तुम्ही विचारलंय की तंबू, खाणं आणि गरम कपडे यांपैकी कशाची काळजी जास्त घ्यायची. माझं उत्तर आहे, घड्याळाची. आमचं जे काही बिघडलं, ते सोलापुरातून निघायला उशीर झाला तिथपासून बिघडत गेलं. गडाचा त्यात फारसा दोष नव्हता.

आम्ही पाच जण होतो: मी, चुलतभाऊ, कॉलनीतले दोन मित्र आणि दाजी. गुरुवारी रात्री दहाला निघायचं, पहाटे पायथ्याला पोचायचं, चहा पिऊन चढायला लागायचं, असं ठरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी दाजींचा फोन आला, "अरे, उद्या झेंडावंदन हाय की." दाजी शिक्षक आहेत. शिक्षकाला २६ जानेवारीला सकाळी सुट्टी नसते हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि खुद्द दाजींच्याही नाही. झेंडावंदन, मग पोरांची भाषणं, मग जिलेबी. गाडी सोलापुरातून हलली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्या-मुंबईचे लोक सकाळी घरून निघून दुपारी गडावर असतात. आपल्याला नुसतं पुणंच अडीचशे किलोमीटर. तिथून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटाच्या अलीकडचा खुबी फाटा, आणि मग पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेनं पायथ्याचं गाव, खिरेश्वर. सगळं मिळून पावणेचारशेच्या आसपास जातं. त्यात सुट्टीचा दिवस. चाकणला आम्ही इतका वेळ एका जागी उभे होतो की शेजारच्या गाडीतल्या आजींशी ओळख झाली आणि त्यांनी आम्हाला शेव दिली.

खिरेश्वरात रात्रीचे आठ. ज्यांच्या अंगणात गाडी लावली त्या मावशी म्हणाल्या, "बाबांनो, आता नका जाऊ. पडवीत पडा, पहाटे उठून जावा." इतका चांगला सल्ला फुकटात मिळाला की माणूस ऐकत नाही. दाजी म्हणाले, "टॉर्च हाय की." टॉर्च एक होता. बाकी चार मोबाईल.

टोलारखिंडीपर्यंत दिवसा तासा-दीड तासाची वाट आहे. आम्हाला अडीच तास लागले. खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं जुनं शिल्प आहे. ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढं चालणाऱ्या मित्राचा उजेड नेमका त्यावर पडला आणि तो असा ओरडला की आम्ही चौघं न बघताच मागं वळलो. पाच मिनिटांनी दाजी शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "दगडाचा हाय बे." मग त्याच झाडीत मुक्काम ठरला, कारण पाय आता कुणाचेच पुढं जायला तयार नव्हते.

तंबू उसना होता. एका मित्रानं वर्षातून एकदाही न वापरता पत्र्याच्या खोलीत ठेवलेला. तुम्ही सोलापूरचेच आहात, त्यामुळे आपल्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. तंबूच्या काड्यांच्या आतून एक इलॅस्टिकचा दोरा गेलेला असतो, त्यानं काडीचे तुकडे एकमेकांत बसून राहतात. तो दोरा उन्हानं कुजला होता. काडी वाकवली की तुकडे खुळखुळत खाली. रात्री अकराला, गारठ्यात, मोबाईलच्या उजेडात आम्ही पाच मोठी माणसं पाचोळ्यात काडीचे तुकडे शोधत होतो. हा तंबू एकदा घरच्या गच्चीवर लावून बघायला किती वेळ लागला असता? पंधरा मिनिटं. शेवटी तो तसाच अंगावर ओढून झोपलो.

गॅसची छोटी शेगडीही होती. तिला लागते फिरवून बसवायची गॅसची डबी, आम्ही नेली दाबून बसवायची. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. त्या रात्री घरून आणलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कच्चा कांदा खाल्ला. खरं सांगतो, पूर्ण सहलीत जी एकमेव गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली ती कडक भाकरी. ती चुरत नाही, विटत नाही, तिला शेगडी लागत नाही. पिशवीत आठवडाभर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल.

आता चादरीबद्दल. आपल्या गावाच्या चादरीचा मला अभिमान आहे, घरातल्या प्रत्येक लग्नात आम्ही तीच देतो. म्हणून स्लीपिंग बॅगा भाड्यानं घ्यायच्या सोडून पाच सोलापुरी चादरी नेल्या. एक तर वजन. दुसरं म्हणजे चादर सुती. डोंगरात पहाटे दव पडतं, सूत ते पिऊन घेतं, आणि चार वाजता तुमच्या अंगावर ओलं घोंगडं पडलेलं असतं. थंडी वरून येते तेवढीच खालूनही येते, हेही तेव्हाच कळलं. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे एक चादर पांघरण्यापेक्षा खाली फोमची चटई असणं जास्त गरजेचं. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेली माणसं. पहाटे चुलतभाऊ नुसता बसून होता. "काय करलालास बे?" विचारलं तर म्हणाला, "उजाडायची वाट बघलालो."

सकाळी खिंडीच्या वरच्या कातळात, जिथं रेलिंग लावलेलं आहे, तिथं एका मित्राच्या बुटाचा तळवा निघून लोंबायला लागला. बूट चांगल्या कंपनीचे, पाच वर्षं जपून माळ्यावर ठेवलेले. पुन्हा तोच आपला उन्हाळा. डिंक वाळून गेला होता. बूट दिसायला नवा असतो, आणि पहिल्या चढालाच जबडा उघडतो. सुतळीनं बांधून तो दोन दिवस चालला.

कातळ संपला की वाटतं पोचलो. मग टेकड्या सुरू होतात. सात म्हणतात, आम्ही मोजणं चौथीला सोडलं. प्रत्येक टेकडीवर दाजी "आता आलंच" म्हणायचे. मधे झाडीत गुरांची वाट धरून भरकटलो, पाऊण तास गेला, पाणी संपलं, फोनला रेंज नाही. शेवटी सरपण घेऊन जाणाऱ्या एका काकांनी आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता हातानं उलटी दिशा दाखवली.

मंदिराशी पोचलो तेव्हा दुपारचा दीड. केदारेश्वराच्या गुहेत गेलात तर पाण्यात एकदा उतराच. मधे भलं मोठं शिवलिंग, भोवती बर्फासारखं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. तोही कोसळला की जग बुडणार, असं लोक सांगतात. दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चांगदेवांनी या गडावर तप केल्याचं सांगत होते आणि दात वाजत असल्यामुळे दर दोन शब्दांनी थांबत होते. रात्रभराची आणि वाटेतली सगळी चिडचिड तिथं संपली, हे मात्र खरं.

संध्याकाळी कोकणकडा. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुम्ही बघालच. एवढंच, की कडा आत वळलेला आहे. काठावर उभं राहिलं तर पायाखाली नुसती हवा असते. पालथं पडून बघा, आणि सेल्फीसाठी कुणाला मागं सरकू देऊ नका. आमच्यातल्या एकाची टोपी खाली गेली आणि वाऱ्यानं परत वर आली. तो अजून सगळ्यांना तेच सांगत असतो.

गडावरच्या एका झोपडीवजा हॉटेलात पिठलं-भाकरी मिळाली. तिथल्या दादांनी तंबूच्या काड्यांना कारवीच्या कामट्या बांधून दिल्या आणि दुसऱ्या रात्री तंबू उभा राहिला. पिशवीवर "चार जणांसाठी" लिहिलेलं होतं. आत पाच जण. थंडी नको म्हणून सगळ्या चेनी गच्च लावल्या. पहाटे तोंडावर थेंब पडायला लागले. पाऊस? जानेवारीत? बाहेर आभाळ निरभ्र होतं. ते आमच्याच श्वासाचं पाणी कापडाला लागून टपकत होतं. वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची असते. झोप तशीही नव्हतीच, कारण जोडून सुट्टीमुळे गडावर जत्रा होती आणि शेजारचा ग्रुप दोन वाजेपर्यंत स्पीकर लावून बसला होता.

रविवारी दुपारी खाली आलो, गाडीपाशी उभे राहिलो, आणि चावी नाही.

पाचही बॅगा मावशींच्या अंगणात उलट्या केल्या. दाजी माझ्याकडं बघत होते, कारण गडावर मी मोठ्या जबाबदारीनं "चावी माझ्याकडं द्या" म्हटलं होतं. दुसरी चावी सोलापुरात ताईकडं. शेवटी मी वाटेतल्या जीपनं फाट्यावर आणि एसटीनं पुण्याला. ताईनं सोमवारी पहाटे शेजारचा मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला कॉलेजला निघाला होता त्याच्या हातात चावी दिली. मी पुणे स्टेशनवर ती घेतली आणि पुन्हा एसटी, पुन्हा आळेफाटा, पुन्हा खुबी फाटा. चार वाजता खिरेश्वरात पोचलो तेव्हा चौघं पडवीत पत्ते खेळत होते. ज्या पडवीत शुक्रवारी झोपा म्हणून मावशी सांगत होत्या, तीच.

चावी तंबूतच होती. आत छताला जाळीचा छोटा कप्पा असतो, त्यात मीच सुरक्षित ठेवली होती. ओला तंबू तसाच गुंडाळून कोंबला, तो कुणी उलगडलाच नाही. आठवड्यानं ज्याचा तंबू त्यानं उन्हात टाकला तेव्हा सापडली. दाजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

तुमच्यासाठी: खिरेश्वरऐवजी पायथ्याच्याच पाचनई गावाकडून चढा, दोन-अडीच तासांत वर पोचता. सोलापूरहून त्यासाठी पुण्याला जायचीही गरज नाही. करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असं जा, चाकण टळतं. रात्री निघा, ताजा ड्रायव्हर ठेवा, पहाटे पायथ्याला दोन तास झोपा आणि उजेडात चढा. हा भाग अभयारण्यात येतो, तंबू आणि शेकोटीबद्दल वनखात्याचं सध्या काय चाललंय ते गावातल्या कुणालातरी फोन करून आधी विचारा. बुटाचा तळवा हातानं ओढून बघा. आणि तुमच्यात कुणी शिक्षक असेल, तर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी सोडून दुसरी कुठली सुट्टी जोडून येते ते बघा.