पंचनामा झाला, पण पुराच्या मदतीचे पैसे आले नाहीत

प्रश्न: ताई नमस्कार, मी काळाचौकीला राहतो, गाव परंडा तालुक्यात. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमचं दोन एकर सोयाबीन गेलं आणि तीन शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या तशाच बुडून मेल्या. पंचनामा झाला, तलाठ्याने फोटो काढले, शेजाऱ्यांचे पैसे कधीच आले पण आमचे नाहीत. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, ते जाऊन तीन वर्षं झाली, शेती आई आणि भाऊ बघतात. भाऊ म्हणतो तू मुंबईत आहेस तर मंत्रालयात जाऊन विचार. जाऊ का?

उत्तर: दादा, नका जाऊ. कामावर खाडा पडेल, दिवसभर रांगेत उभे राहाल आणि शेवटी तहसीलला जा असंच सांगतील, कारण यादी तिथेच बनते. तुमचे पैसे बहुतेक सातबाऱ्यावर अडकलेत. यादीत नाव आलं की व्हीके नंबर (प्रत्येक शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक) मिळतो, मग सेतू केंद्रात आधारवर अंगठा देऊन ई-केवायसी म्हणजे ओळख पटवणं, आता वारलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार?

म्हणून आधी वारस नोंद करा. महसूल विभागाच्या ई-हक्क पोर्टलवरून अर्ज मुंबईत बसून करता येतो, वडिलांचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. आणि बहिणी असतील तर त्यांची नावं गाळू नका, त्यांचा हक्क तुमच्याएवढाच आहे, नंतर तक्रार झाली की फेरफार अडकतो. फेरफार मंजूर झाला की सगळ्यांचं संमतीपत्र तहसीलला द्या, पैसे एकाच्या खात्यात मागता येतात. तोपर्यंत भावाला व्हीके यादीत वडिलांचं नाव आहे का ते बघून यायला सांगा.

किती मिळतील ते पण सांगते, म्हणजे कमी आले तर बोलता येईल. कोरडवाहूला हेक्टरी 8,500, तुमचे दोन एकर म्हणजे 80 आर, त्याचे 6,800. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमधले रब्बीसाठीचे हेक्टरी 10,000 धरले तर अजून 8,000. शेळीला 4,000 प्रमाणे 12,000, पण शेळ्यांचा पंचनामा जनावरांच्या डॉक्टरांच्या सहीने झालाय का ते नक्की विचारा, पिकाच्या गडबडीत तो राहून जातो. 8,500 म्हणजे गुंठ्याला साधारण 85 रुपये, त्यात बियाणं आणि पेरणीसुद्धा धड निघत नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पण म्हणूनच जे हक्काचं आहे त्यातला रुपयाही सोडू नका. बँकेने जुन्या कर्जात वळते केले तर लेखी तक्रार करा, ह्या मदतीतून वसुली करायची नाही असं शासनाच्या आदेशातच लिहिलेलं असतं.

अजून एक. भांडुपच्या एका ताई दोन महिने गावचं पासबुक भरून आणत होत्या आणि पैसे पडलेले नवऱ्याच्या मुंबईतल्या जुन्या पगाराच्या खात्यात, कारण आधार शेवटचं तिथे जोडलेलं. पैसे आधार जिथे जोडलंय तिथेच जातात, तुम्ही कुठलं पासबुक दिलंय ते बघत नाहीत. संमतीपत्रात आईचं नाव घाला आणि तिच्या आधारला कुठलं खातं लागलंय ते भावाला आज रात्रीच *99*99*1# लावून बघायला सांगा.