वेबसाइट आहे, पण फोन वाजत नाही

प्रश्न : ताई, मी घड्याळं दुरुस्त करतो. मनगटी, भिंतीवरची, लंबकाची, सगळी. आमच्या घरात हे काम तीन पिढ्यांपासून चालू आहे. वर्षापूर्वी भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. बघणारे सगळे छान आहे म्हणतात, पण अख्ख्या वर्षात तिच्यावरून जेमतेम सहा-सात गिऱ्हाइकं आली. आता एक जण म्हणतो, डिझाइन जुनं झालंय, सगळं नव्याने करून घ्या. करू का?

उत्तर : तुमची वेबसाइट मी मुद्दाम फोनवर उघडली. तीही रस्त्याच्या कडेला उभी राहून, दुसऱ्या हातात पिशवी धरून. गिऱ्हाईक अशाच अवस्थेत असतं. आधी थोडा वेळ पांढरा पडदा. मग दातेरी चाकांचा देखणा फोटो आणि त्यावर ‘काळाशी जुळलेलं नातं’. वाचून होईतो तो सरकला. पुढच्या फोटोत वाळूचं घड्याळ, त्यापुढे सुटाबुटातल्या दोघांचं हस्तांदोलन. (हे दोघे कोण? मला भेटलेल्या निम्म्या वेबसाइटींवर ते असतात.) तुम्ही घड्याळं विकता, दुरुस्त करता की त्यांचं संग्रहालय चालवता, ते बरंच खाली गेल्यावर कळलं. फोन नंबर ‘संपर्क’ पानाच्या तळाशी होता, पण चित्रात. बोट टेकवून फोन लागेना. नंबर डोक्यात धरून डायल करायला गेले आणि मधले दोन आकडे विसरले.

तेव्हा नवं डिझाइन सध्या राहू द्या. दुकानातल्या फोनशेजारी एक वही ठेवा आणि पंधरा दिवस जो फोन येईल, त्यातला पहिला प्रश्न बोलणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. सुधारून लिहू नका. माझा अंदाज सांगते, वहीत असं काहीतरी जमेल : ‘वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, कितीतरी वर्षं बंद आहे, चालू होईल का?’ ‘दुसरीकडे म्हणाले पार्ट मिळत नाही.’ ‘आधी खर्च सांगता का?’ ‘पाणी गेलंय आत.’ ‘किती दिवस ठेवावं लागेल?’

हे प्रश्न म्हणजे तुमच्या वेबसाइटचे मथळे. प्रत्येकाखाली, तुम्ही फोनवर जे सांगता तेच, तीन-चार ओळींत लिहा. आत्ता तिथे ‘यांत्रिक कालमापकांची सर्वंकष देखभाल’ असं लिहिलंय. तुमच्याकडे येणाऱ्या एकाच्या तरी तोंडून ‘कालमापक’ ऐकलाय का? लोक जे बोलतात तेच शोधताना टाइप करतात. ‘चावीचं घड्याळ’ हे शब्द तुमच्या पानावर कुठेच नाहीत, मग शोधणाऱ्याला ते पान सापडायचं कसं?

माझे वडील पाट्या रंगवायचे. काम घेताना त्यांचा पहिला सवाल असे, “वाचणारा चालत जाणारा की गाडीवरचा?” चालत जाणाऱ्यासाठी तीन ओळी चालतील, गाडीवरच्यासाठी एकच. वेबसाइट बघणारा कायम गाडीवरचा समजा. पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, त्याला एवढं दिसायला हवं : ‘चावीची, ऑटोमॅटिक आणि सेलवरची घड्याळं दुरुस्त करतो. आधी तपासणी, मग खर्चाचा अंदाज, तुम्ही हो म्हणालात तरच काम.’ खाली दुकानाचा पत्ता आणि वेळ. आणि एकच ठळक बटण.

त्या बटणावर ‘अधिक जाणून घ्या’ नको. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिली गोष्ट काय करतं? घड्याळ दाखवतं. मग बटणावर लिहा, ‘घड्याळाचा फोटो पाठवून विचारा’, आणि ते थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर उघडू दे. शेजारी फोन नंबर, पण चित्रात नको, टाइप केलेला आणि बोट टेकवलं की लागणारा. भाच्याला ‘टेल लिंक’ म्हणालात की कळेल, दोन मिनिटांचं काम आहे. आठ रकान्यांचा तो फॉर्म मात्र काढून टाका. पट्टा बदलायला आलेल्या माणसाला तुम्ही जन्मतारीख विचारताय.

सरकते फोटो काढाच. पहिला फोटो दिसतो, बाकीच्यांची वाट बघत कुणी थांबत नाही. शिवाय ते जड आहेत. हल्लीच्या फोनवर काढलेला एकेक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो, आणि तुम्ही असे पाच एकदम गिऱ्हाइकाच्या माथी मारताय. फोटो वेबपी नावाच्या प्रकारात, लहान मापाचा करून टाकला, तर दोनशे केबीच्या आत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गुगलची मोजपट्टी अशी, की पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर ठीक. त्यांच्याच ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाका, फुकट मोजून मिळतं. तिथे आणखी एक गोष्ट कळेल. तुमच्या पानावर फोटो उशिरा उतरतात आणि मजकुराला धक्का देतात. मी ‘संपर्क’वर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी ते टुणकन खाली गेलं. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी पानाला आधीच सांगून ठेवली, की ही उडी थांबते.

मग फोटो कसले टाकायचे? तुमच्या टेबलाचा. डोळ्याला भिंग लावून वाकलेल्या तुमचा. गंजलेलं आलं ते आणि तेच चालू होऊन गेलं ते, दोन्ही एकाच कोनातून, खिडकीजवळच्या उजेडात. असे सहा पुरेत. प्रत्येकाखाली एक ओळ : काय बिघडलं होतं, काय केलं, किती दिवस लागले. ‘आमचं ध्येय’ हे पान कुणी वाचत नाही. तुम्हीसुद्धा वाचलं नसणार, कारण त्यात अजून ‘येथे मजकूर लिहावा’ असं वाक्य आहे. उलट ‘तीन पिढ्या’ ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू, ती तळाशी बारीक अक्षरात पडलीय. तिला वर आणा.

खर्चाबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. घड्याळ उघडल्याशिवाय आकडा सांगता येत नाही, हे मला समजतं. पण आकडा कशावर ठरतो ते सांगता येतं : नुसतं तेलपाणी, पार्ट बदलणं, की पार्ट घडवावा लागणं. तपासणीचे पैसे लागतात का, हेही लिहा. आणि काय करत नाही तेसुद्धा. ‘स्मार्टवॉच घेत नाही’ एवढ्या एका ओळीने तुमचे किती फोन वाचतील बघा.

भाच्यावर चिडू नका. माझी पहिली कामं याहून वाईट होती. एका फर्निचरवाल्याच्या वेबसाइटसाठी मी फ्लॅशमध्ये (वेबसाइटवर हलती चित्रं दाखवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) सुरुवातीचं चलचित्र केलं होतं. लाकडाच्या फळ्या उडत यायच्या, त्यांची खुर्ची व्हायची, पाठीमागे संगीत. मला फार अभिमान. त्याच्या गिऱ्हाइकांना मात्र ‘पुढे जा’चं बटण सापडत नसे. नंतर आयफोन आला, त्यावर फ्लॅश कधीच चाललं नाही, म्हणजे त्या फोनवाल्यांना खुर्चीही दिसेना आणि नंबरही. ३१ डिसेंबर २०२० ला तर फ्लॅशच बंद पडलं. त्या गृहस्थाने तोवर केव्हाच माझं चलचित्र काढून साधं एक पान लावलं होतं : फोटो, मापं, फोन. धंदा त्यावर चालला. मला त्याने हे बऱ्याच उशिरा, बिचकत सांगितलं.

प्रश्न : वेबसाइट करून देणारा आता फोन उचलत नाही. डोमेन त्याच्याच नावावर आहे असं कळलं. काय करावं?

उत्तर : हे तातडीचं आहे, डिझाइन वगैरे नंतर. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दुकानाच्या जागेचा कागदच समजा. नोंदणी कुठल्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) लुकअप पानावर दिसतं. मुदत संपून नाव सुटलं, तर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. त्या माणसाला गाठा, भांडू नका, आणि दोन गोष्टी मागा : डोमेनचं कुलूप उघडणं आणि हस्तांतराचा कोड. तो कोड हातात आला की डोमेन तुमच्या खात्यात नेता येतं. खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर काढा, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. वेबसाइटची एक पूर्ण प्रतही मागून घ्या. पुढच्या वेळी करून देणाऱ्याला खात्यात काम करायची मुभा द्या, मालकी देऊ नका.

प्रश्न : एक कंपनी गुगलवर पहिल्या नंबरची हमी देते. पैसे भरावेत का?

उत्तर : नाही. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतःच लिहून सांगतं. हीच मंडळी ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शोधशब्दांची यादी, भरून देण्याचे पैसे लावतात. क्रम ठरवताना गुगल ती बघतच नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. तेवढ्या वेळात गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती) नीट भरा. ते फुकट आहे. तिथली वेळ, पत्ता, नंबर आणि वेबसाइटवरचे एकसारखे ठेवा. आणि मोबाइलवर जागा नाही म्हणून मजकूर गाळू नका. गुगल आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. बदल २०१६ मध्ये जाहीर झाला, पुरा व्हायला २०२३ उजाडलं.

प्रश्न : आमची वेबसाइट उघडली की वर ‘सुरक्षित नाही’ असं येतं. गिऱ्हाइकं घाबरतात.

उत्तर : पत्त्यात एचटीटीपीएस नाही म्हणून. ते असलं की वेबसाइट आणि बघणारा यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. क्रोम जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक पानावर हा शेरा मारतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवलीय त्याच्याकडून, करून घ्या. बऱ्याच ठिकाणी एक बटण दाबलं की झालं.

प्रश्न : पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मला फार उंची वाटतात. आमच्या सौ. म्हणतात, दिसत नाही. कोण बरोबर?

उत्तर : तुमच्या सौ. बरोबर आहेत. वेबसाइट सगळ्यांना नीट वाचता यावी म्हणून ठरलेल्या निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ लागतो, तुमच्या राखाडीचा तेवढा नसणार. तपासायची साधनं फुकट आहेत, पण त्यांचीही गरज नाही. फोन घेऊन दुपारच्या उन्हात जा, आणि सौं.ना वाचायला द्या.