एनीडेस्क लागतं, मग जेलीफिन का नाही?

भाऊ, तुमचं वाचलं आणि माझे स्वतःचे वाया गेलेले तीन आठवडे आठवले. थोडक्यात तुमची अडचण अशी: दारव्ह्याजवळच्या गावी घरी जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज आणि जेलीफिन, म्हणजे आपल्याकडचे व्हिडिओ-गाणी दुसऱ्या पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात बाबांच्या मंडळाची खंजिरी भजनं, बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ, थोडे सिनेमे. घरच्या टीव्हीवर सगळं झकास चालतं, पुण्याच्या खोलीतून उघडत नाही. राउटरमध्ये ८०९६ पोर्ट, म्हणजे जेलीफिनचं दार, फॉरवर्ड केलं, तरी तपासणारी साइट 'क्लोज्ड' म्हणते. कनेक्शनवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे. मित्र म्हणतो फायरवॉल बंद कर, डीएमझेड चालू कर, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच लॅपटॉपकडे सोड. आणि तुम्हाला कोडं पडलंय की तोच लॅपटॉप एनीडेस्कवर, म्हणजे दुरून पडदा चालवायच्या अ‍ॅपवर, पुण्यातून दिसतो, मग जेलीफिनलाच काय झालं?

त्या कोड्यातच उत्तर आहे. एनीडेस्क लॅपटॉपवरून स्वतः बाहेर जातं, कंपनीच्या सर्व्हरला हाक देतं आणि त्या उघड्या वाटेने तुम्ही आत येता. पोर्ट फॉरवर्डमध्ये उलटं असतं, बाहेरच्याने येऊन तुमचं दार वाजवायचं. आता एखादा मोठा वाडा धरा, त्यात पन्नास बिऱ्हाडं. तुम्ही तुमच्या खोलीचं दार सताड उघडं टाकलंय, पण वाड्याचं फाटक दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तुमच्या नावाचा पाहुणा आला तर कुठे धाडायचा हे फाटकावरच्याला ठाऊकच नाही. आतून कोणी बाहेर गेलं तर तो लक्षात ठेवतो, त्याचं उत्तर आलं की बरोबर त्याच खोलीत पोचवतो. एनीडेस्क म्हणून चालतं.

एका फाटकामागे अनेक बिऱ्हाडं बसवायच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, इंटरनेटवरचे सगळे मिळून पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत. आशिया-पॅसिफिककडचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. आपल्या गावांत खांबावरून फायबर आलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मग तालुक्याच्या केबलवाल्याने प्रत्येक घराला वेगळा पत्ता आणायचा कुठून? तो एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरं बसवतो. २०१२ मध्ये यासाठी एक पट्टाच राखून ठेवला गेला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत.

म्हणून बाकी काहीही करण्याआधी एवढं बघा. एनीडेस्कने लॅपटॉपवर जा, ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा आणि स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, काय लिहिलाय तो कागदावर उतरवा. त्याच ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे तेच असतील तर पत्ता तुमचा आहे आणि घोळ फॉरवर्डिंगमध्येच आहे. वेगळे असतील आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर पोर्ट फॉरवर्डचा नाद आजच सोडा. राउटर बदला, डीएमझेड करा, काही करा, फाटक तुमच्या हातात येणार नाही.

वॅनचा आकडा १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर जरा थांबा. तो कनेक्शनवाल्याचा असू शकतो, पण तुमच्याच घरात दोन राउटर एकामागे एक लागले असण्याचीही शक्यता आहे. फायबरवाल्याचा डबा स्वतः राउटरचं काम करतो आणि त्याच्यामागे आपण हौसेने वायफायचा दुसरा लावतो. असं असेल तर दुसऱ्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्याच्या कामावर, टाका आणि पुन्हा तपासा.

अजून एक फसगत सांगतो, कारण दिवाळीत घरी असताना तुम्ही हेच केलं असावं. घरच्याच वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकून बघितलं आणि उघडलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. बऱ्याच राउटरना स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याला आतून वळसा घालता येत नाही. चाचणी घ्यायची तर फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर.

मित्राच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलतो: करू नका. सीजीनॅटमागे डीएमझेडने काहीही साधत नाही, आणि उद्या खरा सार्वजनिक पत्ता मिळाला तर त्याच सेटिंगमुळे सगळा लॅपटॉप उघड्यावर पडेल. फायरवॉलचं म्हणाल तर विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' केलं की बहुतेक वेळा पुरतं.

आता उपाय. स्थिर सार्वजनिक पत्ता मिळतो का ते कनेक्शनवाल्याला विचारून बघा. काहीजण महिन्याला वेगळे पैसे घेऊन देतात, काहीजण 'ते काय असतं' म्हणतात. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, असतील तर चांगलंच, पण ते दोन्ही टोकांना हवं, आणि गावाकडच्या छोट्या कनेक्शनवर त्याच्या भरवशावर मी बसलो नसतो. जेलीफिन सोडून त्याच्यासारख्याच प्लेक्सवर जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायलाही तिथे पैसे भरावे लागतात. क्लाउडफ्लेअर कंपनीचा बोगदाही, म्हणजे लॅपटॉपवरून आतून बाहेर काढलेली वाट, चालतो, पण त्यातून सिनेमे ओढणं त्यांच्या अटींत बसत नाही.

मी स्वतः टेलस्केल, म्हणजे आपली यंत्रं खासगी वाटेने एकमेकांना जोडणारं अ‍ॅप, वापरतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. वैयक्तिक वापराला फुकट आहे. लॅपटॉपवर टाका, पुण्याच्या फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने आत जा. आत वायरगार्ड आहे, म्हणजे वाटेत सगळं कुलूपबंद. लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल. तो आणि त्यापुढे :८०९६ एवढं जेलीफिनच्या अ‍ॅपमध्ये टाकायचं. हा १०० आणि मघाचा वॅनमधला १०० एकाच पट्ट्यातले आहेत पण एकमेकांशी संबंध नाही. मी यातच एक अख्खा रविवार घालवला.

लावून झालं तरी तीन ठिकाणी पाय अडकतो, आणि तिन्ही ठिकाणी माझा अडकलाय.

पहिलं जेलीफिनमध्ये. डॅशबोर्डच्या नेटवर्किंगमध्ये बाहेरून जोडणीला परवानगी देणारी खूण असते. टेलस्केलचा पत्ता जेलीफिन घरचा धरत नाही, बाहेरचा धरतो. ती खूण काढलेली असेल तर दारापर्यंत याल आणि हाकलले जाल.

दुसरं विंडोजमध्ये. लाइन गेली, लॅपटॉप बंद पडला, बाबांनी बटण दाबून चालू केला, पण तो लॉगिनच्या पडद्यावरच उभा आहे. साध्या पद्धतीने टाकलेलं जेलीफिन लॉगिन झाल्याशिवाय सुरूच होत नाही. टेलस्केलमध्ये 'रन अनअटेंडेड' नावाचा पर्याय आहे, तो लावा. जेलीफिन टाकताना 'सर्व्हिस' म्हणून टाकण्याची सोय असते, ती घ्या. झाकण लावल्यावर 'काहीच करू नका' आणि स्लीप 'कधीच नाही', हेही त्याच बैठकीत उरकून टाका.

तिसऱ्याने मला सगळ्यात जास्त छळलं. टेलस्केलची किल्ली, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन, मुळात १८० दिवसांची असते. सगळं सहा महिने सुरळीत चाललं आणि एके दिवशी काही कारण नसताना बंद. मी राउटरला शिव्या दिल्या, कनेक्शनवाल्याला फोन केले. वरुडजवळच्या गावी जाऊन लॅपटॉप उघडला तर पडद्यावर 'पुन्हा लॉगिन करा' एवढंच. नागपूरहून येण्याजाण्यात अख्खा दिवस गेला. टेलस्केलच्या वेबवरच्या पानात लॅपटॉपच्या नावापुढे किल्लीची मुदत बंद करण्याचा पर्याय आहे. आजच करा.

मग येईल दुसरी तक्रार: उघडतं, पण अडखळतं. त्यासाठी लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून टेलस्केलचा पिंग पुण्याच्या फोनला मारा. उत्तरात सरळ पत्ता दिसला तर दोन्ही टोकं थेट जोडली गेलीत. 'डर्प' दिसत राहिलं तर डेटा त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून फिरतोय आणि सिनेमा रडत चालणार. फोन मोबाइल डेटावर असेल तर एकदा खोलीच्या वायफायवरून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने थेट जोडलं जातं.

थेट असूनही अडखळत असेल तर हिशेब मांडा. चार जीबीचा सव्वादोन तासांचा सिनेमा म्हणजे सेकंदाला साधारण ४ मेगाबिट, आणि तेवढे गावाकडून सतत वर चढायला हवेत. इथे अपलोडचा वेग मोजायचा असतो, प्लॅनच्या जाहिरातीत डाउनलोडचाच आकडा मोठा छापलेला असतो. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेल्या मूळ फाइली २५ मेगाबिटच्या आसपासही असू शकतात. त्या थेट पुण्यात जाणार नाहीत, मग जेलीफिन त्या जागच्या जागी बारीक करायला बसतं. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. त्यातून सबटायटल चित्रावरच छापायची वेळ आली तर विचारूच नका.

माझा उपाय गावठी आहे पण लागू पडतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, रात्री निजताना फाइली लावून द्या, ७२०पी, एच.२६४, अडीच मेगाबिट. सकाळपर्यंत हलक्या प्रती तयार. मूळ फाइल घरच्या टीव्हीला, हलकी पुण्याला. भजनांच्या ऑडिओला यातलं काहीच लागत नाही, ती आहेत तशी चालतील.

हे काम उन्हाळ्यात मात्र दुपारी लावू नका. मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा ४५ च्या वरही जातो आणि टिनाखालच्या खोलीत लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. थंडाव्यासाठी तो कूलरसमोर ठेवू नका, त्या ओल्या हवेने माझा एक कीबोर्ड गेला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलीय का तेही पुढच्या खेपेला उलटा करून बघा. फुगली असेल तर लगेच काढा, दिवसरात्र चार्जरला लावलेल्या यंत्रात ती धोक्याची आहे.

बॅटरी चांगली असेल तर मात्र तोच तुमचा फायदा. लाइन गेली तरी लॅपटॉप तग धरतो, मरतो तो फायबरचा डबा. त्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. लॅपटॉप वायफायवर न ठेवता वायरने जोडा. बाहेरची हार्डडिस्क असेल तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवा: काढू नये. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोराने मोबाइल चार्ज करायला तिची यूएसबी उपसली होती, आणि मी नागपुरात बसून दोन तास लायब्ररी का रिकामी दिसते ते शोधत होतो.

आणि घरच्या माणसाला सगळं समजावत बसू नका, एकच दिवा ओळखायला शिकवा. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला की बहुतेक वायर तुटली. मी आईसाठी त्याच्याशेजारी टिकली चिकटवलीय.

"आई, टिकलीजवळचा दिवा बघ बरं. लाल हाय का?"

"लाल हाय ना बापू. चमकून रायला."

"मग वर काही झालं का?"

"काही नाही. सकाळी वानरं आले होते टिनावर, धिंगाणा घातला त्यायनं."

निदान झालं. सर्व्हरला हात न लावता केबलवाल्या पोराला फोन केला, संध्याकाळी त्याने जोड मारून दिला. ही टिकली लावायच्या आधी अशाच एका तुटलेल्या वायरपायी मी आईकडून लॅपटॉप चार वेळा बंद-चालू करून घेतला होता.

तुमच्याकडे एनीडेस्क अजून चालू आहे तोवर, म्हणजे पुढची लाइन जायच्या आत, टेलस्केल टाकून घ्या. पुण्यातला टीव्ही अँड्रॉइडवाला असेल तर त्यावरही त्याचं अ‍ॅप मिळतं. ८०९६ चं फॉरवर्डिंग राउटरमधून काढून टाका, त्याची आता गरज नाही. आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे तेवढे कळवा, सगळा पत्ता नको. १०० च्या पट्ट्यातले निघाले नाहीत तर वेगळं बघावं लागेल.