तुमचे प्रश्न: इराणमध्ये राग शहावर, मग अमेरिकेची वकिलात का?

प्रश्न: १९७९ ची इराणची क्रांती तिथल्या राजाविरुद्ध, म्हणजे शहाविरुद्ध होती ना, मग विद्यार्थी अमेरिकेच्या वकिलातीत कशाला घुसले? – एक वाचक, सातारा

उत्तर: हे समजायला १९५३ पर्यंत मागे जावं लागतं. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातली सगळ्यात मोठी, पण मलई ब्रिटिश कंपनी खायची आणि हिशेबाच्या वह्यासुद्धा इराणला तपासू द्यायची नाही. १९५१ ला संसदेनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, मोसादेघ पंतप्रधान झाले, ब्रिटननं त्यांच्या तेलाची कोंडी केली आणि शेवटी ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर यांनी मिळून त्यांचं सरकार उलथवलं. यात इराणी सेनापती आणि काही मौलवीही सामील होते, हेही सांगायला हवं.

पहिला डाव फसला तसा शहा बगदादमार्गे रोमला पळाला, पण १९ ऑगस्टला पैसे देऊन जमवलेली गर्दी आणि रणगाडे रस्त्यावर उतरले, मोसादेघ पडले, आणि पळालेला शहा परत गादीवर! इराणी माणूस हे कधीच विसरला नाही.

पुढे पंचवीस वर्षं शहाची एकहाती सत्ता, सावाक नावाचे गुप्त पोलीस, विरोधी पक्ष चिरडलेले, त्यामुळे लोकांना एकत्र जमायला मशिदीच काय त्या उरल्या आणि क्रांतीचे नेते झालेले धर्मगुरू खोमेनी यांचं बळ तिथूनच वाढलं असं माझं स्पष्ट मत आहे.

जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून गेला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं त्याला कॅन्सरच्या उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं, खरं तर तेहरानमधल्या त्यांच्याच अधिकाऱ्यांनी आधी बजावलं होतं की असं केलंत तर आमची खैर नाही. तेहरानमध्ये लोकांना वाटलं, तेव्हाही असाच बाहेर गेला आणि यांनी आणून बसवला, आता परत तेच होणार. ४ नोव्हेंबरला विद्यार्थी भिंतींवरून आत घुसले.

ती भीती मला समजते, पण ५२ माणसांना ४४४ दिवस ओलीस ठेवणं अजिबात पटत नाही, त्यातले बहुतेक तर साधे कर्मचारी आणि पहारेकरी. आणि त्याची किंमत इराणनंच मोजली, दोनच दिवसांत पंतप्रधान बाझरगान यांनी राजीनामा दिला आणि मवाळ लोक बाजूला पडले. एप्रिल १९८० मध्ये अमेरिकेनं संबंध तोडले. तेव्हापासून तेहरानमधलं अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडची वकिलात बघते.