डिकीवरचा पंख: खर्च कमी, डोकं जास्त

ट्रॅकवर पळवायच्या गाडीच्या डिकीवर घरी पंख बनवायचाय ना? मग थर्माकोल कापायची घाई करू नकोस. त्यावर साधं पॉलिएस्टर रेझिन ओतलंस की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो, इपॉक्सीच लागतं. ते परवडत नसेल तर प्लायच्या फासळ्यांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट कर. नट-बोल्ट इंदूरच्या सियागंज बाजारातून आण, पण नट नायलॉकचेच घे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरून सैल न होणारे.

हा पंख गाडी खाली दाबायला विमानाच्या उलट बसतो, म्हणून खरं काम खालची बाजू करते. तीच गुळगुळीत ठेव. वरच्या रंगाचे चोचले नंतर. पंखाच्या टोकाला असलेल्या बाजूच्या पाटीत पुढून पाव रुंदीवर एक बोल्ट, मागे कमानीत भोकं. झाला कोन बदलता! मग खालून लोकरीचे तुकडे चिकटव आणि ट्रॅकवर कॅमेरा लावून बघ. धागे सरळ मागे वाहतात तोवर ठीक. वळवळून उलटे फिरले की कोन जास्त झाला, आता नुसताच अडथळा.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तेव्हा पंख पेलणाऱ्या खांबांखाली डिकीच्या आतून जाड पट्टी दे. पंख दाबतो मागची चाकं, म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला फायदा बेताचाच, हेही सांगून ठेवतो. आणि पंख लावून एबी रोडसारख्या सार्वजनिक रस्त्यावर मिरवू नकोस, गाडीत मनमानी फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येईल. ट्रॅकवरून निघताना काढून डिकीत टाक.